निष्कंटक

महसूल खात्यात ३६ वर्षे काढलेल्या मनुष्याला निवृत्तीनंतर जी व्यसने चिकटून राहतात, त्यांत दिसेल त्या वस्तूचा मूळ हक्क शोधीत बसण्याचे व्यसन सर्वांत चिवट होय. शेत दिसले की ते कोणाच्या खाती लागले आहे, विहीर दिसली की तिच्यात कोणाची किती पाळी, बांधावरचे आंब्याचे झाड दिसले की ते बांधाच्या अलीकडचे की पलीकडचे, असले प्रश्न त्याच्या मनात आपोआप उमटतात. आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थाचे आडनाव कळताच त्याचे मूळ गाव, त्या गावची पाटीलकी आणि त्या पाटीलकीचा तंटा येथवर तो पहिला भात कालवून होण्यापूर्वीच जाऊन पोहोचतो. माझ्या बाबतीत हे तंतोतंत खरे आहे, आणि म्हणूनच माझ्या दौंडच्या घराच्या परसात पन्नास वर्षांपासून जी गुलाबाची वेल उभी आहे, तिच्या मूळ हक्काचा एकही कागद माझ्या दप्तरात नाही, याची मला अधूनमधून शरम वाटते.

परसदाराच्या भिंतीवरून ही वेल न्हाणीच्या छपरावर जाते, आणि तेथून शेजारच्या कडुनिंबाच्या खालच्या फांद्यांत शिरते. बुंधा मनगटाएवढा जाड, साल राखी रंगाची, एकेका पानाला सात-नऊ पर्णिका. माघ सरून फाल्गुन लागला की वर्षातून एकदाच तिला फुलांचे घोस येतात. फूल जुन्या रुपयापेक्षा मोठे नाही. उमलताना फिके गुलाबी, आणि दोन-तीन दिवसांत धुतलेल्या मलमलीसारखे पांढरे. सुगंध इतका बेताचा की तो आहे असे सांगावे लागते. देवपूजेच्या परडीत तिला मान नाही आणि बायकांच्या अंबाड्यात ती टिकत नाही. अशा या सामान्य रूपाच्या वेलीची आमच्या आळीत जी ख्याती आहे ती एकाच कारणाने: बुंध्यापासून शेंड्यापर्यंत तिच्यावरून तळहात फिरविला तरी हाताला काही टोचत नाही. नवा पाहुणा आला की आळीतली पोरे त्याला परसात ओढून नेतात, 'काका, मूठ आवळा' म्हणतात, आणि तो बिचारा बिचकत बिचकत फांदी धरतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर वेदनेऐवजी जे आश्चर्य उमटते ते पाहून खिदळतात. गुलाबाला काटे असायचेच, ही समजूत आपल्या मनात इतकी खोल रुतलेली असते की काटा नसला तर आपल्याला फसविल्यासारखे वाटते.

ही वेल माझ्याकडे आली शिरूरहून. १९७१ साली मी तेथील मामलेदार कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो. कागदोपत्री तहसील हा शब्द तेव्हाही होता, परंतु लोकांच्या जिभेवर मामलेदार कचेरीच होती. आणि आसपासच्या खेड्यांतला मनुष्य शिरूरला निघाला तर 'घोडनदीला चाललोय' असेच म्हणे. जुन्या छावणीच्या बाजूला एका वाड्याच्या मागच्या सोप्यात मला खोली मिळाली. वाड्याच्या मालकीणबाईंना सारी आळी काकू म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. न्हाणीच्या मोरीशेजारी ही वेल उभी होती, आणि तिच्या बुंध्याशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, नारळाएवढी एक वेडीवाकडी गाठ होती. त्या गाठीतून बोटभर लांबीचे एक वाळलेले काळे खुंटूक बाहेर आलेले होते, आणि दर दिवाळीला काकू त्या गाठीला चुना फासून काढीत. का, असे मी एकदा विचारले असता त्या म्हणाल्या, 'सासूबाई लावीत.' या उत्तरापुढे अपील चालत नाही हे मला त्या वयातही ठाऊक होते.

पुढच्याच वर्षी १९७२ चा दुष्काळ आला. शिरूर काय आणि दौंड काय, दोन्ही तालुके पुणे जिल्ह्याच्या त्या कोरड्या पूर्व अंगात मोडतात, जेथे सह्याद्रीवरचे ढग पोहोचेपर्यंत रिते झालेले असतात. खडी फोडण्याच्या कामांवरची हजेरीपत्रके तपासून, सुकडीच्या पोत्यांचा हिशेब जुळवून मी रात्री खोलीवर येई, तो काकू कंदिलाच्या उजेडात आंघोळीचे राखून ठेवलेले पाणी तांब्या-तांब्याने त्या वेलीला घालीत असलेल्या दिसत. आळीतली शेवग्याची झाडे वाळली, तुळशी करपल्या, वाड्यापुढच्या कण्हेरीनेसुद्धा माना टाकल्या. ही वेल मात्र खरकट्या पाण्यावर तगली. मी एकदा म्हणालो, 'काकू, माणसांना पाणी नाही, आणि तुम्ही झाडाला कशाला घालता?' त्यावर त्या म्हणाल्या, 'अहो भाऊसाहेब, बाभळीला मी घालते का? तिचे काटे तिला राखतात. हिला काटाच नाही. शेळीसुद्धा बिनघोर खाऊन टाकील. हिला माणसानेच राखायची.' हे वाक्य तेव्हा मी नुसते ऐकले. ते कळायला मला पुढची पन्नास वर्षे लागली.

१९७४ साली दौंडला बदलीचा हुकूम आला, तेव्हा काकूंनी त्या वेलीच्या तीन काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्या हाती दिल्या. घोडनदीचे पाणी पुढे भीमेला मिळते आणि दौंडच्या पुलाखालून वाहत जाते. त्या पाण्याच्या दिशेनेच मीही एस.टी.त मांडीवर ती पुरचुंडी धरून दौंडला उतरलो. तिघींपैकी दोन काड्या वाळल्या. तिसरी म्हणजे आजची ही वेल.

आता तिच्या मूळ हक्काची चौकशी. या कामी मी वेळोवेळी ज्या जबान्या घेतल्या, त्या एकमेकींशी अशा विसंगत आहेत की कोणत्याही अंमलदाराने प्रकरण पुरावा अपुरा म्हणून दप्तरदाखल केले असते. काकूंचे म्हणणे असे की वेल 'साहेबाच्या बागेतली'. यात अशक्य काहीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी शिरूरला मोठी छावणी वसविली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावच्या लढाईत सापडली, ती याच छावणीतून. आणि पुढे पूना हॉर्स या घोडदळाच्या पथकाचे ठाणेही येथेच दीर्घकाळ होते. जेथे पलटण तेथे बंगला, जेथे बंगला तेथे बाग, आणि जेथे बाग तेथे गुलाब, हा त्या काळचा क्रमच होता. पुण्यात १८३० साली स्थापन झालेली पश्चिम हिंदुस्थानची कृषी व उद्यान संस्था होती. त्याच शतकाच्या उत्तरार्धात गणेशखिंडीच्या वनस्पती उद्यानाचा कारभार पाहणाऱ्या मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातील बागकामावर पुस्तकही लिहिले. तेव्हा पुण्याहून चाळीस मैलांवरच्या या छावणीत एखादी कलमाची कुंडी बैलगाडीतून येणे यात नवल कोणते?

दुसरी जबानी शिरूरच्याच एका वृद्ध ख्रिस्ती बाईंची. त्यांच्या मते वेल साहेबाची नव्हेच; ती अमेरिकन मराठी मिशनच्या आवारातून सर्वत्र पसरली, आणि मिशनच्या मडमा सणासुदीला तिच्या काड्या वाटीत. तिसरी जबानी दौंडची. येथे माझ्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड राहत असत. दौंडला रेल्वे आली १८५८ साली, आणि १८७८ साली मनमाडकडे फाटा गेल्यावर ते जंक्शन झाले; इंग्रजी कागदांत 'धोंड' म्हणून लिहिल्या जाणाऱ्या या गावात रेल्वेच्या वसाहती, क्लब, चर्च आणि लाल कौलांचे बंगले उभे राहिले. माझी वेल पाहताच गार्डसाहेब म्हणाले की ही तर आमच्या बंगल्यांतली जुनी वेल. इंजिनाच्या राखेचा ढीग असे तेथेही ती वाढे, आणि शिरूरला गेली असली तर येथूनच गेली असली पाहिजे. म्हणजे माझ्या मांडीवरच्या पुरचुंडीचा प्रवास हा प्रवास नव्हे, परतीची वाट होती! तीन साक्षीदार, तिघेही सचोटीचे, आणि तिघांचाही दावा आपापल्या अंगणापाशी येऊन थांबणारा.

पुढे फलोद्यान शिकविणारे माझे एक स्नेही घरी आले, आणि बिनकाट्याची जुनी वेल म्हणताच त्यांनी न पाहताच तिचे नाव सांगितले: झेफिरीन द्रुअँ. हे नाव उच्चारता येईपर्यंत माझे दोन दिवस गेले, आणि तिची वंशावळ वाचण्यात दोन महिने. बिझो नावाच्या फ्रेंच उद्यानकाराची ही जात १८६८ साली प्रसिद्ध झाली. गडद गुलाबी, अतिशय सुगंधी, दहा-बारा फूट चढणारी, आणि जवळजवळ संपूर्ण निष्कंटक. तिचे कूळ बूर्बाँ. हे कूळ हिंदी महासागरातील बूर्बाँ बेटावरचे, ज्याला आज रेयुनियन म्हणतात. तेथील शेतकरी शेतांच्या कडेला दोन गुलाबांची कुंपणे लावीत. एक चिनी गुलाब, दुसरा दमास्कसच्या नावाचा. आणि त्या कुंपणांत दोहोंचा मिश्र अंश असलेले एक रोप आपोआप उगवलेले १८१७ च्या सुमारास ब्रेऑं नावाच्या वनस्पतिज्ञाच्या दृष्टीस पडले. त्याचे बी फ्रान्सला गेले आणि त्यातून एक सबंध घराणे उदयास आले. बेटावर त्या गुलाबाला एदुआर म्हणत. आपल्या देशात तोच एडवर्ड झाला, आणि हारांच्या व गुलकंदाच्या धंद्यात इतका रुळला की त्याला गावठी गुलाब म्हणण्यास आपल्याला संकोच वाटत नाही. कुंपणात कोणी न लावता उगवलेल्या पोराने राजाचे नाव धारण करावे, हे वतनाच्या दप्तरात पुष्कळदा पाहिलेले दृश्य मला फुलांच्या दप्तरातही भेटले तेव्हा गंमत वाटली.

परंतु खुद्द झेफिरीनचे मातापिता कोण, याची नोंद त्या फ्रेंच उद्यानकाराने केलेली नाही. एका बाजूला बूर्बाँ खरे. काट्यावाचून गुळगुळीत साल मात्र बूर्सो नावाच्या दुसऱ्या कुळाकडून आली असावी, असा तर्क केला जातो, आणि त्या बूर्सो कुळाच्या उत्पत्तीविषयीही जाणकारांत एकवाक्यता नाही. शिवाय एकच वेल निरनिराळ्या ठिकाणी 'डिजाँची सुंदरी', 'शार्ल बॉने' आणि 'इंजेन्योलीची लाडकी' अशा निरनिराळ्या नावांनी नांदलेली. एका खातेदाराची चार खाती पाहून तलाठ्याच्या कपाळावर ज्या आठ्या पडतात, त्या माझ्याही पडल्या. या वेलीने एकदा साक्षही दिलेली आहे: ॲगाथा ख्रिस्तीच्या 'सॅड सायप्रस' या १९४० च्या कादंबरीत मनगटावरची खूण गुलाबाच्या काट्याची म्हणून सांगितली जाते, आणि दारावरचा तो गुलाब झेफिरीन द्रुअँ आहे, त्याला काटेच नाहीत, एवढ्यावरून खोटे उघडकीस येते. ज्याने आयुष्यभर जबान्या नोंदविल्या, त्याला असा निःपक्षपाती साक्षीदार पाहून किती आनंद झाला असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

आनंद झाला खरा. पण फाल्गुन लागला आणि वेलीनेच तो दावा फेटाळला. झेफिरीनचे फूल मोठे आणि गडद. माझे लहान आणि फिके. तिचा सुगंध ख्यातनाम. माझ्या वेलीचा सांगून कळणारा. तिची कोवळी पालवी तांबूस, माझी पोपटी. मग स्नेह्यांनी दुसरे नाव पुढे केले. १८०७ साली विल्यम केर याने चीनमधील कँटनहून इंग्लंडला पाठविलेला आणि सर जोसेफ बँक्स यांच्या पत्नीच्या नावाने ओळखला जाणारा पांढरा गुलाब. तोही बिनकाट्याचा, तोही वर्षातून एकदाच घोसांनी फुलणारा. परंतु त्याच्या पानात बहुधा तीन ते पाचच पर्णिका असतात, आणि देठाच्या तळाशी जी उपपर्णे असतात ती सुटी असून लवकर गळून जातात. माझ्या वेलीची उपपर्णे देठाला घट्ट चिकटलेली, आणि त्यांच्या कडा फणीच्या दातांसारख्या चिरलेल्या. दुसराही दावा निकाली निघाला, आणि वेल पुन्हा बेनामी झाली.

सोडवणूक झाली ती अखेर एका अशा मनुष्याच्या हातून, ज्याने यांपैकी एकही नाव ऐकलेले नव्हते. सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी, उरुळी कांचन या बाजूला रोपवाटिकांची रांगच आहे. तेथे गुलाबाचे डोळे भरण्यात हयात घालविलेले एक कारागीर आमच्या आळीत सोयरिकीच्या निमित्ताने आले होते. पोरांनी नेहमीप्रमाणे त्यांना परसात नेऊन मूठ आवळायला सांगितले. ते बिचकले नाहीत. पान उलटून त्यांनी देठाची ती चिरलेली कड नखाने पाहिली, आणि शांतपणे म्हणाले, 'रावसाहेब, हा गुलाब नव्हे. हा खुंट आहे.'

ज्यांना कलमांची विद्या ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. दुकानातून आपण जो गुलाब आणतो, तो बहुधा दोन झाडांचा एक संसार असतो. खाली मुळांसह एक दणकट, रानवट जात. तिला खुंट म्हणतात. तिच्या पेन्सिलीएवढ्या काडीवर चाकूने इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देऊन साल अलगद उचलतात, नामांकित गुलाबाचा एक डोळा तीत बसवितात, आणि पट्टीने बांधून टाकतात. डोळा फुटला की त्याच्या वरचा खुंट छाटायचा. त्यानंतर खुंटाने पाणी ओढावे, खडक फोडावा, उन्हाळा सोसावा. आणि फूल यावे ते वरच्याच्या नावाचे. खुंटाला स्वतःचा फुटवा आलाच तर माळ्याने तो मुळातून काढावा, कारण त्याला वाव दिला तर तो वरच्याला उपाशी मारतो. अशा खुंटांतला एक प्रसिद्ध खुंट म्हणजे जपान, कोरिया, चीन या बाजूचा बहुपुष्पी गुलाब. रोझा मल्टिफ्लोरा हे त्याचे नाव थुनबर्ग या वनस्पतिज्ञाने १७८४ साली दिले. चिरलेल्या कडांची उपपर्णे ही त्याच्या रक्ताची खूण. त्याच्या रोपांत बिनकाट्याची निघतात ती मुद्दाम राखली जातात, आणि का, ते कारागिराने आपले दोन्ही तळहात माझ्यापुढे पसरून दाखविले. दिवसभर ज्याला काड्या धराव्या लागतात, त्याला काटा नसलेला खुंट म्हणजे अर्धी मजुरी वाचल्यासारखी.

त्या क्षणी मला शिरूरच्या वेलीच्या बुंध्याशी असलेली ती नारळाएवढी गाठ आठवली, आणि तीतून बाहेर आलेले ते बोटभर काळे खुंटूकही. कोणे एके काळी त्या ठिकाणी कोणीतरी नामांकित डोळा बसविला होता. कदाचित तो मारेशाल नील असेल, १८६४ सालचा तो पिवळा गुलाब, ज्याचे त्या पिढीला मोठे वेड होते. कदाचित दुसरा कोणी. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला, कुंडी गाडीत चढली, साहेबाची किंवा मडमेची मान अभिमानाने ताठ झाली, तो वरचा गुलाब एखाद्या उन्हाळ्यात वाळून गेला. आणि ज्याचे नाव बिलातही लिहिलेले नसेल तो खालचा खुंट आपली पालवी काढून वर आला, भिंत चढला, आणि फाल्गुनात फुलू लागला. काकूंच्या सासूबाई दर दिवाळीला चुना फाशीत, तो मालकाच्या समाधीला. आणि तगली ती चाकराची संतती.

शिरूरच्या मातीला हे नवीन नाही. १८०९ साली तेथे मरण पावलेल्या कर्नल विल्यम वॉलेस याचे थडगे गावात आहे; आणि १८८५ सालच्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात असे नमूद आहे की शिरूर व आसपासचे लोक त्याला 'सत्पुरुष' मानून सुगीच्या वेळी धान्याचा नैवेद्य दाखवीत. ज्या पलटणीचा तो अंमलदार, ती गेली. ज्या राज्यासाठी लढला, तेही गेले. परक्या देहावर येथल्या मातीने आपला फुटवा काढला, आणि त्याला सत्पुरुष हे नाव दिले. आपल्या भाषेचीही तीच कथा. फारसीत फुलाला गुल म्हणतात आणि गुलाब म्हणजे फुलाचे पाणी. आपण पाण्याचे नाव फुलाला देऊन मोकळे झालो. हिंदीत सेवती म्हणजे पांढरा गुलाब, आणि आपली शेवंती मात्र सर्वस्वी निराळे फूल. ज्या दप्तरात खुद्द नावांचेच फेरफार असे मुखजबानी मंजूर झालेले आहेत, तेथे एका वेलीच्या वारसनोंदीसाठी मी किती काळ झुरावे?

तरी काट्याचा प्रश्न मनातून जाईना. वनस्पतिशास्त्र म्हणते की गुलाबाचा काटा हा खरा काटा नव्हेच. लिंबाचा किंवा बोगनवेलीचा काटा म्हणजे रूप पालटलेली फांदी, निवडुंगाचा म्हणजे रूप पालटलेले पान. गुलाबाचा मात्र केवळ सालीचा उद्भव, म्हणूनच तो अंगठ्याने दाबला की खळकन निखळतो. २०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दाखविले गेले की वांग्याच्या देठावरचा काटा आणि गुलाबाच्या फांदीवरचा काटा हे दोन्ही एकाच कुळातल्या जनुकांच्या करणीने येतात. त्यांतले नेमके जनुक बिघडले की वांगे बिनकाट्याचे होते, आणि गुलाबात ते दाबून टाकले की त्याचेही काटे उणावतात. भरल्या वांग्यासाठी काटेरी वांगी निवडताना ज्या गृहिणीचे बोट रक्ताळले, तिने आणि गुलाब खुडताना कळवळलेल्या राजकन्येने एकाच कुळाकडे दाद मागावी, हे मला फार आवडले.

परंतु शास्त्राने जी दुसरी गोष्ट सांगितली ती याहून महत्त्वाची. गुलाबाला द्राक्षीसारखा ताणा नाही, पिंपळीसारखी पकड घेणारी मुळे नाहीत. तो जो चढतो, तो खाली वळलेल्या काट्यांचा आकडा शेजारच्या झाडात अडकवून. काटा हे त्याचे शस्त्र असेल, पण त्याआधी ती त्याची शिडी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात एका अधिकरणाचे नावच कंटकशोधन आहे; राज्यातले काटे वेचून काढावेत म्हणजे राजा निष्कंटक होतो, असे आपल्या परंपरेने मानले, आणि निष्कंटक राज्य हा आशीर्वाद ठरला. राजाला तो आशीर्वाद लाभत असेल. वेलीला लाभलेला दिसत नाही. निष्कंटक वेल स्वतःहून वीतभरही वर जाऊ शकत नाही. ती जमिनीवर पसरते, आणि शेळी येते.

मग माझी वेल न्हाणीचे छप्पर ओलांडून कडुनिंबात शिरली कशी? या प्रश्नाचे उत्तर माझ्या डोळ्यांसमोर पन्नास वर्षे होते, आणि कागद शोधण्याच्या नादात मी ते वाचले नाही. दर वर्षी दसरा झाला की माझी पत्नी पदर खोचून शिडीवर चढे, वाळलेल्या फांद्या छाटी, आणि नव्या फांद्या एकेक करून सुतळीने भिंतीवरच्या खिळ्यांना बांधी. ती गेल्यावर ते काम सूनबाईंनी न सांगता उचलले. शिरूरला काकू बांधीत; त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई. माझ्या वेलीच्या अंगावर ठिकठिकाणी सुतळीचे वळ आहेत, जुने सालीत बुजलेले, नवे अजून पिवळे. बुंध्याकडून शेंड्याकडे पाहत गेले तर कोणत्या हाताची गाठ कोठे संपली आणि कोणत्या हाताची सुरू झाली हेही ओळखता येते, कारण पत्नी दुहेरी गाठ मारी आणि सूनबाई फासाची मारतात. इतकी चोख हक्कनोंद मी माझ्या नोकरीत क्वचितच पाहिली.

आणखी एक गोष्ट. बियांपासून उगवलेले रोप नवा जीव असते. काडीपासून वाढलेले रोप तोच जीव, केवळ दुसऱ्या जागी. १८६८ ची झेफिरीन आज जगात जेथे जेथे भिंतीवर फुलते, तेथे तेथे ती त्याच एका रोपाच्या देहाचा भाग आहे. तिला आजवर वारस मिळालेला नाही, कारण ती मेलेलीच नाही. माझी वेल तशी नामांकित नाही. पण काकूंच्या सासूबाईंनी हात लावलेले झाड आणि माझ्या नातवंडांनी मूठ आवळलेले झाड ही दोन झाडे नव्हेत, एवढे तिच्याविषयीही म्हणता येते. मृत्यूनंतर जी नोंद करावयाची, ती जिवंत खातेदाराची करीत बसलो होतो, ही माझी चूक.

गेल्या कार्तिकात मी शिरूरला गेलो होतो. वाडा पाडून तेथे तीन मजली इमारत झाली आहे. मोरी गेली, गाठ गेली, आणि वेलही गेली. काकूंची नातसून तिसऱ्या मजल्यावर राहते. मी बरोबर नेलेली पुरचुंडी तिच्या हाती दिली, तेव्हा तिने आधी एका काडीवरून बोट फिरवून पाहिले आणि मग हसली. लहानपणी नव्हे, पण लग्न होऊन आली त्या वर्षी तिने ती वेल पाहिली होती. तीन काड्या होत्या. सज्जातल्या तेलाच्या डब्यात लावल्या, त्यांतल्या दोन फुटल्या असे तिने परवा दूरध्वनीवर कळविले.

कोणा वाचकाला या वेलीची काडी हवी असल्यास पाऊस संपून दसरा झाला की दौंडला यावे. काडी पेन्सिलीएवढी जाड आणि वीतभर लांब घ्यावी, दोन डोळे मातीत आणि दोन वर राहतील अशी खोचावी, सावलीत ठेवावी, आणि माती सुकू देऊ नये. मूळ मालक कोण, असे विचारू नये. ते सदर आमच्या दप्तरात कोरे आहे. काडीला मोल नाही. सुतळी मात्र ज्याची त्याने आणावी.